दगडाहून कडक सांधा अंगणात नको

"काका, अंगणातल्या फरशीला इपॉक्सी भरून घ्या, मग वीस वर्षं बघायचं काम नाही." हे वाक्य मी परभणीत हार्डवेअरच्या दुकानात ऐकलं, सेलूत ऐकलं, मानवतला एका बांधकामावर मिस्त्रीच्या तोंडून ऐकलं. माझं मत आधीच सांगून टाकतो. न्हाणीघरात इपॉक्सी भरा. मोरीत भरा, ओट्यामागच्या टाइल्सना भरा. उघड्या अंगणात, शहाबादी फरशीत, काळ्या मातीवर उभ्या असलेल्या घरापुढं भरू नका. पैसेही जातील आणि फरशीही जाईल.

सिमेंटवाल्यांनी यात आपला विजय मानू नये. नुसतं सिमेंट पाण्यात कालवून त्याची स्लरी सांध्यांत ओतायची आणि खराट्यानं फिरवून टाकायची, ही आपल्याकडची सर्रास चालणारी पद्धतही तितकीच चूक आहे. दोन्ही चुकांचं मूळ एकच. सांधा जितका कडक तितका चांगला, हा समज.

सांध्याचं काम काय, ते आधी नीट समजून घेऊ. अंगणातली फरशी उन्हात फुगते, थंडीत आकसते, पावसात खालची जमीन तिला उचलते, उन्हाळ्यात तीच जमीन तिला सोडून खाली बसते. या सगळ्या हालचालीत कुठंतरी काहीतरी तुटणार. काय तुटावं, हे आपण ठरवायचं असतं. सांधा तुटला तर घमेलंभर माल लागतो आणि एक सकाळ जाते. फरशी तुटली तर ती उखडायची, खालचा थर खरवडायचा, त्याच जाडीची आणि त्याच रंगाची फरशी शोधायची, आणि ती मिळत नाही. म्हणून सांधा दगडापेक्षा मऊ हवा. त्यानं आधी मार खावा. जुने गवंडी दरजा भरताना हेच करायचे. दरजा हा शब्द आता बांधकामावर ऐकू येत नाही, सगळे 'जॉइंट' म्हणतात. शब्द गेल्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. त्यामागची समज गेली याचं वाटतं.

इपॉक्सी म्हणजे परक्या ग्रहावरचं काही नाही. घरोघरी एम-सील असतं. पाण्याच्या टाकीचा नळ गळायला लागला की दोन वेगळ्या रंगांच्या कांड्या बोटांनी मळायच्या, एकजीव झालं की भेगेवर दाबायचं आणि तासाभरानं दगडासारखं होतं. तीच ही जात. एका डब्यात राळ, दुसऱ्यात ती घट्ट करणारं हार्डनर, आणि सांध्यात भरायचं म्हणून सोबत बारीक वाळूची पूड. अॅरल्डाइट या नावानं हे चिकट रसायन 1946 साली स्वित्झर्लंडमधल्या सीबा कंपनीनं बाजारात आणलं. त्याच्या गुणांबद्दल शंका नाही. पाणी पीत नाही, हळदीचा डाग धरत नाही, तेल पीत नाही, मुंग्यांना पोखरता येत नाही. म्हणूनच मोरीत ते सोन्यासारखं आहे.

पण हेच गुण अंगणात दोष होतात. पाणी पीत नाही म्हणजे खालून वर येणारी ओलही सोडत नाही. काळ्या मातीवरच्या प्रत्येक अंगणाखाली पावसाळ्यात ओल असतेच. ती एरवी सांध्यांतून उडून जाते. सांधे बंद केले की तिला दगडातूनच वाट काढावी लागते. शहाबादी फरशी थराथरांची असते. ओल आणि तिच्यासोबत आलेले क्षार त्या थरांत अडकतात, उन्हानं वाळतात, फुगतात आणि फरशीच्या कडेचे पापुद्रे सुटायला लागतात. लोक म्हणतात, फरशी हलकी निघाली. फरशी हलकी नव्हती, तिचा श्वास कोंडला होता.

आता ही फरशी कुठली, तेही बघा, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. शहाबाद आज कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात आहे. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत शहाबाद आणि परभणी एकाच हैदराबाद राज्यात होते. तिथला दगड म्हणजे चुनखडक. सपाट थरांमध्ये बसलेला, त्यामुळे पाटीसारखा सुटून येणारा, करड्या-निळसर रंगाचा. मराठवाड्यातल्या वाड्यांच्या ओसऱ्या, शाळांचे व्हरांडे, कचेऱ्यांच्या पायऱ्या, सगळीकडं तोच. आमच्या जुन्या घरातल्या देवघरापुढची फरशी तीन पिढ्यांच्या पावलांनी मधोमध जराशी खोल झालीय. तिच्या सांध्यात चुना आहे आणि तो अजून तिथंच आहे.

चुनखडक आणि चुना यांचं नातं रक्ताचं आहे. चुनखडी भट्टीत साधारण 900 अंशांवर भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्याच्यावर पाणी टाकलं की तो फसफसून विरतो. विरलेला चुना वाळूत कालवून सांध्यात भरला की तो हवेतला तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे शहाबादीच्या सांध्यात भरलेला चुना काही महिन्यांनी त्या फरशीचाच भाऊ होऊन बसतो. शिवाय त्याच्यात आलेली बारीक भेग तो काही अंशी स्वतःच भरून काढतो, कारण पावसाच्या पाण्यात विरघळलेला चुना भेगेत जाऊन पुन्हा बसतो. जगातली कुठली राळ हे करते?

आणि आपल्या परभणी जिल्ह्यात चुना बाहेरून आणायची पाळी कधीच नव्हती. काळ्या रानात नांगराला लागणारे पांढरट खडे प्रत्येक शेतकऱ्यानं पाहिलेत. तीच चुनखडी. त्यात थोडी मातीही मिसळलेली असल्यामुळे ती भाजून केलेला चुना पाण्यातही घट्ट होतो, नुसत्या हवेची वाट बघत नाही. भारतीय मानक 712 मध्ये बांधकामाच्या चुन्याचे वर्ग पाडलेत, त्यात या कंकरी चुन्याला स्वतंत्र वर्ग दिलाय. ज्या गोष्टीला सरकारी मानकात जागा आहे, तिला आपल्या बाजारात मात्र रंगसफेदीच्या पिशवीपुरतीच जागा उरली. 'चुना लावणे' म्हणजे फसवणे, असा वाक्प्रचार आपण करून बसलो. चुन्याची एवढी मोठी बदनामी दुसऱ्या कुणी केली नसेल.

आता काळी माती. इथं खरा तिढा आहे आणि इपॉक्सी विकणारा याबद्दल एक शब्द बोलत नाही.

आपली काळी माती पाणी लागलं की फुगते आणि वाळली की आकसते. एप्रिल-मेमध्ये रानात इतक्या भेगा पडतात की लहान पोराचा हात कोपरापर्यंत जातो. त्याच मातीवर आपण घरं बांधतो. घराला पाया तरी खोल घेतो. अंगणाला काय करतो? माती सारखी करायची, त्यावर चार बोटं वाळू, वर चार कोपऱ्यांना मालाचे गोळे आणि फरशी ठेवून द्यायची. मग पहिल्याच पावसाळ्यात फरशी डुलायला लागते आणि आपण सांध्यांना दोष देतो. सांध्यात काहीही भरा, चुना, सिमेंट, राळ, सोनं, खालची जमीन हलत असेल तर ते टिकणार नाही.

याचं उत्तर अर्धशतकापूर्वीच मिळालंय. मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर काम केलं. कर्नाटकात मलप्रभेच्या कालव्याचं अस्तर काळ्या मातीच्या फुगण्यानं उचललं जात होतं. कट्टींनी दाखवलं की काळी माती आणि बांधकाम यांच्यामध्ये न फुगणाऱ्या, पण चिकटपणा असलेल्या मुरमासारख्या मातीचा पुरेसा जाड थर दाबून घातला की खालची फुगवटी वरपर्यंत पोचत नाही. आपल्याकडं जायकवाडीचा डावा कालवा परभणीच्या काळ्या रानातूनच जातो, म्हणजे हा प्रश्न आपल्याला वर्तमानपत्रात वाचून कळायला नको. कालव्याला लागतो तेवढा मीटरभर थर घराच्या अंगणाला परवडणार नाही, मान्य. पण फूट-दीड फूट काळी माती उचलून तिथं चांगला मुरूम घाला, दर सहा इंचांना पाणी मारून धुम्मस करा. या कामाचा पैसा कुणाला दिसत नाही, म्हणून कुणी करत नाही. दिसतो तो सांध्यातला चकचकीत रंग.

माझ्या स्वतःच्या अंगणात मी ही चूक केली, म्हणून एवढ्या जोरात लिहितोय. फाटकापासून पायरीपर्यंतचा पट्टा मी इपॉक्सीनं भरून घेतला होता. मे महिना होता. मिस्त्रीमामांनी सकाळी साडेदहाला पाच किलोचा डबा एकदमच कालवला. सावलीत कालवलेला माल अर्धा-पाऊण तास हाताळता येतो, पण ऊन वाढलं की तो वेळ झपाट्यानं कमी होतो. अकरा वाजायच्या आतच मामा ओरडले, "काका, घट्ट व्हायलंय, जल्दी पाणी आणा!" बादलीतला माल गरम होऊन धुरकट वास सोडत होता. उरलेला ते घाईघाईनं थापीनं सांध्यांत कोंबत गेले, आणि फरशीवर सांडलेला थर ओल्या स्पंजानं पुसायला कुणाला वेळच मिळाला नाही. संध्याकाळी पाहिलं तर सांध्यांच्या दोन्ही बाजूंना हातभर रुंदीचा तेलकट चकाकणारा पट्टा. शहाबादीचा तो मऊ करडा रंग त्याखाली गेला, तो गेलाच.

दुकानदारानं सांगितलं, "ऍसिड टाका, निघेल." इथं प्रत्येक वाचकानं कान टवकारावेत. शहाबादी फरशी चुनखडकाची आहे. तिच्यावर ऍसिड टाकलं की ती फसफसते, म्हणजे ती विरघळत असते. राळ त्या ऍसिडनं निघत नाही, खालचा दगड मात्र निघतो. घरातली साधी गोष्ट बघा: पॉलिश केलेल्या शहाबादी ओट्यावर लिंबू पिळताना चार थेंब पडले आणि तसेच राहिले तर तिथं मंद डाग पडतो. लिंबाला जे जमतं ते मोरीच्या ऍसिडला किती जमेल, याचा हिशोब करा. मी ऍसिड टाकलं नाही. ती एक अक्कल शाबूत होती.

मग पावसाळा आला. सप्टेंबरात पट्टा नीट न्याहाळला तर राळेची पट्टी तशीच अखंड होती, पण एका बाजूनं दगडापासून सुटलेली. नख घातलं तर जायचं. त्या फटीतून पाणी खाली उतरलं आणि वरून उडून जायला वाट नव्हती. दोन फरशांच्या कडा भुगा होऊन निघाल्या. कारण सरळ होतं. भर उन्हाळ्यात करडी फरशी इतकी तापते की अनवाणी पाय टेकत नाही, आणि डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा एक आकडी उतरतो. राळ तापल्यावर दगडापेक्षा कितीतरी जास्त पसरते आणि गार झाल्यावर तितकीच जास्त आकसते. दोघांची चाल वेगळी. शिवाय उघड्या उन्हात इपॉक्सी पिवळी पडते. फिकट करडा रंग म्हणून घेतलेली माझी पट्टी दोन वर्षांत चहाच्या डागासारखी दिसायला लागली.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या अंगणापेक्षा महत्त्वाची आहे. मामा ती राळ उघड्या हातांनी हाताळत होते. बोटांना चिकटलेली थिनरनं पुसत होते. राळ आणि हार्डनर कातडीला लागत राहिले की काही जणांच्या अंगात त्याची कायमची ऍलर्जी बसते. मग नुसत्या जवळून जाण्यानंही हात-चेहरा सुजतो, खाज सुटते, आणि गवंड्याला ते कामच सोडावं लागतं. ओलं सिमेंट आणि कळीचा चुनाही कातडी भाजतात, चुना विरवताना उडालेला थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. हातमोजे आणि चष्मा घरमालकानं द्यावेत. हजारोंची फरशी घेणाऱ्याला शे-दोनशे रुपयांचे हातमोजे जड जाऊ नयेत. हे मला तेव्हा सुचलं नाही आणि याची मला लाज वाटते.

कुणी म्हणेल, परदेशात तर अंगणासाठी राळेचाच माल वापरतात. वापरतात. इंग्लंडात घरामागच्या पॅटिओला आपल्याच राजस्थानातला वालुकाश्म जातो आणि त्याच्या सांध्यांत पुष्कळ जण राळ लावलेली वाळू झाडून भरतात. पण तो माल वेगळा आहे. ती वाळू हवाबंद पिशवीत येते, हवा लागल्यावर घट्ट होते आणि घट्ट झाल्यावरही तिच्यातून पाणी खाली झिरपतं. खाली पाणी वाहून नेणारा खडीचा थर असतो आणि वर मे महिन्याचं परभणीचं ऊन नसतं. आपल्या दुकानात अंगणासाठी म्हणून हातात देतात ते टाइल्सचं इपॉक्सी ग्राउट, ज्यातून पाण्याचा थेंब जात नाही. 'राळ' एवढा शब्द सोडला तर दोन्हींत सारखं फार थोडं आहे.

पाणी जाण्याचा विषय निघालाच आहे तर जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याला एकदा जाऊन या. तिथली हेमाडपंती मंदिरं बघा. दगडावर दगड, खाचेत कूस बसवलेली, मध्ये चुना नाही, काही नाही. घडाई इतकी नेटकी की सांधा शोधावा लागतो. शेकडो पावसाळे त्या सांध्यांतून वाहून गेलेत. किंवा सेलू तालुक्यातल्या वालूरची बारव बघा, गावकऱ्यांनी गाळ उपसून मोकळी केलेली, गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची. बारवेच्या भिंतीला पाठीमागून जमिनीतलं पाणी ढकलत असतं. सांधे मोकळे असतात म्हणून ते पाणी आत झिरपतं, बारव भरते आणि भिंतीवरचा दाब उतरतो. अशा जुन्या भिंतींच्या फटी बुजवायला उत्साहानं सिमेंट फासलेलं मी ठिकठिकाणी पाहिलंय. चांगल्या मनानं केलेलं असतं, पण मागचं पाणी कोंडतं आणि दाब भिंतीवर येतो. आपलं अंगण बारवेएवढं मोलाचं नसेल, पण पाण्याचा नियम दोन्हीकडं तोच.

आणि मराठवाड्यात राहून अंगणाचा थेंबन् थेंब गटारात घालवायचा, हे मला पटत नाही. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ते लातूर आपल्यापासून किती लांब आहे? फाटकापासून कंपाउंडपर्यंत सगळं हवाबंद करायचं आणि मग बोअर आटला म्हणून आणखी खोल मारायचा, यात कुणाचं भलं आहे? सांध्यांतून फार पाणी मुरतं असं मी म्हणत नाही. पण झाडांच्या कडेचे दोन-तीन पट्टे नुसत्या वाळूनं भरा, ढाळ तिकडं द्या, पाणी तिथं जाईल. ढाळ भिंतीकडं मात्र चुकूनही नको, पायाजवळची काळी माती भिजली की घरालाच भेगा पडतात.

मग भरायचं काय? विचारणाऱ्याला मी हे सांगतो. एक भाग सिमेंट, एक भाग विरवलेला चुना, सहा भाग वाळू. बांधकामाच्या मालासाठीच्या भारतीय मानक 2250 मध्ये हे मिश्रण आहे. सिमेंट लवकर पकड देतं, चुना लवचीकपणा देतो आणि माल थापीखाली लोण्यासारखा चालतो. गाडी उभी राहणार असेल त्या पट्ट्यात चुना अर्धा करा आणि वाळू साडेचार भाग घ्या. निव्वळ चुन्याचं काम येणारा जाणता गवंडी मिळाला तर त्याहून भाग्य नाही, तो म्हणेल तसं करा. पूर्वी बैलाच्या घाणीत चुना मळायचे, त्यात विटेची सुरखी, गूळ, बेलफळाचा गर घालायचे. ते जमणार नसेल तर नाही, पण चुना किमान काही दिवस पाण्यात बुडवून ठेवा. पिशवी फोडली आणि कालवला, असं नको. त्यात न विरलेले खडे राहतात आणि ते पुढं सांध्यात फुगतात.

वाळू धुतलेली हवी. गोदावरीची, पूर्णेची, दुधनेची म्हणून जी मिळते तिच्यात माती किती आहे हे घरीच बघता येतं. काचेच्या सरळ बरणीत अर्ध्यापर्यंत वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवा आणि तीन तास ठेवून द्या. वाळूवर मातीचा थर बसेल. तो वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर ती वाळू परत करा. दगडाची क्रश सँड घेतली तरी तिची धूळ धुवावीच लागते.

किती माल लागतो, हे कळलं तर फसवणूक होत नाही. अंगण 300 चौरस फुटांचं, फरशी दोन बाय दोन फुटांची, जाडी एक इंच, सांधा सहा मिलिमीटर. एकूण सांध्यांत बसतो तो माल सुमारे 14 लिटर. म्हणजे एक भरगच्च घमेलं. इपॉक्सीत तेच 20 ते 25 किलो होतात, म्हणजे पाच किलोचे चार-पाच डबे. दुकानात किंमत विचारा आणि घमेल्याशी तुलना करा.

फरशी ठेवताना संपूर्ण तळाखाली माल हवा. चार कोपऱ्यांना गोळे ठेवून काम उरकणाऱ्याला तिथंच थांबवा. दुसऱ्या दिवशी प्रत्येक फरशीवर नाण्यानं टकटक करून बघा, पोकळ आवाज आला की उचलायला लावा. दर दहा-बारा फुटांवर एक सांधा मालानं भरू नका, तो वाळूनं किंवा लवचीक सीलंटनं भरा, म्हणजे उन्हात पसरायला अंगणाला जागा राहील. माल भरून झाला की ओलं गोणपाट टाका आणि सात-आठ दिवस ओलं ठेवा. उन्हात कोरडा पडलेला सांधा बोटानं उकरला जातो, मग हराळी उगवते, मुंग्या वारूळ करतात आणि दोष चुन्याच्या माथी बसतो.

हराळी आणि मुंग्या हा इपॉक्सीवाल्यांचा शेवटचा मुद्दा असतो आणि तो खरा आहे. चुन्याच्या सांध्याला वर्षाकाठी एकदा, पावसाळ्याआधी, हात फिरवावा लागतो. कुठं माल सुटला असेल तर खरवडून नवा भरायचा. आमच्या आजीच्या काळात अंगण रोज सारवलं जायचं, आपल्याला वर्षातून एक सकाळ द्यायला काय हरकत आहे?

हे काम मे महिन्यात काढू नका. परभणीत अंगणाच्या फरशीचा हंगाम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. गवंड्याला आत्ताच सांगून ठेवा, चुना भिजत घाला, आणि बिलावर सिमेंट, चुना, वाळू यांचं प्रमाण लिहून मागा.